मदत हवी आहे: मोतीबिंदूच्या आधी स्वॅबमध्ये जंतू सापडले, गुरुवारचं ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

दादरची_सून: सासऱ्यांचं (वय ७६) डाव्या डोळ्याचं फेको (मोतीबिंदूचं ऑपरेशन) गुरुवारी आहे. स्वॅबचा रिपोर्ट आज आला: कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस, सिप्रो आणि मॉक्सी या दोन्ही अँटिबायोटिकांना रेझिस्टंट (दाद न देणारा). डॉक्टर बुधवारी रात्री येणार. करायचं की नाही, एवढंच सांगा. घाई आहे.

लॅबवाला_परळ: हा जंतू पापणीच्या कडेवर कायम मुक्कामाला असतो. या वयात स्वॅब घेतला तर बहुतेकांच्या डोळ्यात तो किंवा कॉरिनेबॅक्टेरियम हा तसलाच जंतू निघणारच. म्हणून तर मोतीबिंदूआधी सरसकट स्वॅब करत नाहीत. सांगितला कोणी आणि का?

ओटी_सिस्टर: रिपोर्ट राहू द्या. डोळा लाल आहे का? सकाळी चिपडं येतात? पापण्यांच्या मुळाशी कोंडा? शुगर किती? सिरिंजिंगमध्ये (अश्रूंची नळी मोकळी आहे का ते पाणी सोडून बघतात, त्यात) काय आलं?

दादरची_सून: सगळं नॉर्मल आहे हो. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.२. फिटनेसच्या तपासण्यांत स्वॅबपण लिहिला होता. हो की नाही?

फेको_फॅन: मॉक्सीला रेझिस्टंट आहे ना, मग आजपासून टोब्रामायसिन दिवसातून सहा वेळा.

लॅबवाला_परळ: अजिबात नको. मनाने थेंब बदलत गेलं की साधे जंतू मरतात आणि चिवट उरतात. खरं काम ऑपरेशनच्या टेबलावर घालतात त्या पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकाचं. ५ टक्क्यांचं द्रावण डोळ्यात ३ मिनिटं ठेवायचं, मग सलाइनने धुवायचं. पापण्यांच्या कातडीला १० टक्के. रेझिस्टंट स्टॅफसुद्धा त्याने मरतात.

ओटी_सिस्टर: +१, पण क्रम सांभाळायला हवा. बधिर करायची जेली आधी घातली तर तिचा थर बसतो आणि आयोडिन पृष्ठभागाला लागतच नाही. आधी थेंबांनी बधिर, मग आयोडिन, जेली शेवटी. आणि ७.५ टक्क्यांचं फेसाळ स्क्रब चुकूनही डोळ्यात नको, त्यातला साबण बुबुळाला भाजतो.

फेको_फॅन: मग शेवटी आत मॉक्सी सोडतात ते कशाला?

लॅबवाला_परळ: ते वेगळं. ०.१ मिलीत अर्धा मिलिग्रॅम थेट डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात जातं. लॅबमधला 'रेझिस्टंट' हा शिक्का रक्तात मिळणाऱ्या मात्रेवर ठरतो, तिथे मात्रा त्याच्या कितीतरी पट असते. युरोपात ईएससीआरएस या मोतीबिंदू सर्जनांच्या संस्थेच्या २००७ च्या अभ्यासात असंच सेफ्युरॉक्झिम हे अँटिबायोटिक १ मिलिग्रॅम वापरून आतला संसर्ग सुमारे पाचपट घटला होता. आपल्याकडे अरविंद नेत्र रुग्णालयांत मॉक्सीने ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आला.

माहीमकर: लेन्स कुठली घेताय? मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) नको, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात.

आजीचा_बटवा: पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करूच नये. रोज गुलाबपाणी घाला.

ओटी_सिस्टर: बाराही महिने ऑपरेशनं होतात, पावसाचा संबंध नाही. आणि बाटलीतलं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं. लेन्सचा धागा वेगळा काढा.

दादरची_सून: आयोडिन म्हणालात म्हणून विचारते. फॉर्मवर 'आयोडिनची ॲलर्जी' ला टिक केलंय. कोळंबी खाल्ली की त्यांना अंगभर पित्त उठतं.

लॅबवाला_परळ: ती टिक आधी काढून घ्या! कोळंबीचं पित्त तिच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाचं असतं, आयोडिनचं नव्हे. या टिकेपायी सगळ्यात चांगलं औषधच वगळतील. त्याजागी 'कोळंबीची ॲलर्जी' असं लिहा. आयोडिन लावल्यावर खरंच पुरळ आलं असेल तर ते मात्र स्पष्ट सांगा, क्लोरहेक्सिडिनचा पर्याय असतो. तोही डोळ्यासाठीचाच, ०.०५ टक्के पाण्यातला. स्पिरिटवाला नाही.

ओटी_सिस्टर: सिरिंजिंगचं उत्तर अजून नाही. डोळ्यातून पाणी येतं का?

दादरची_सून: डाव्यातून येतं, दोन वर्षं झाली. वयाचं म्हणून सोडून दिलंय. कार्डावर 'सिरिंजिंग: उजवा मोकळा' असं आहे. उजव्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं.

ओटी_सिस्टर: आणि हे सगळं नॉर्मल? हात साबणाने धुवा. डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला, नाकाच्या बाजूला, हाताला हाड लागतं तिथे हलकेच दाबा आणि कोपऱ्यातल्या बारीक भोकाकडे बघा. काय येतं?

दादरची_सून: पांढरट, दोऱ्यासारखं काहीतरी आलं. दुखत नाही म्हणतात.

लॅबवाला_परळ: मग उत्तर 'नाही'. अश्रूपिशवीचा खालचा रस्ता बंद आहे आणि आत पू साठलाय. टेबलावर डोळा कितीही धुतला तरी पिशवीतून तो परत येणार, आणि बाजूलाच डोळ्याला छेद. अशा पिशवीत न्यूमोकोकससारखे जंतूही सापडतात, तुमच्या स्टॅफसारखे गरीब नसतात. थेंबांनी ती रिकामी होत नाही.

फेको_फॅन: म्हणजे डीसीआर?

ओटी_सिस्टर: डीसीआर, म्हणजे पिशवीतून नाकात नवा रस्ता. किंवा वय बघून नुसती पिशवी काढतात, त्याला डीसीटी म्हणतात. ते लवकर उरकतं, पाणी मात्र येत राहतं. मोतीबिंदू त्यानंतर साधारण चार-सहा आठवड्यांनी. काउंटरवर 'पाणी येतं' असं सांगू नका, त्यावर कोणी हलणार नाही. 'डाव्या कोपऱ्यावर दाबल्यावर पू येतो आणि त्या डोळ्याचं सिरिंजिंग झालेलं नाही' असं म्हणा. दुखायला-सुजायला लागलं तर सिरिंजिंग करू देऊ नका, त्याच दिवशी दाखवा.

दादरची_सून: तसंच बोलले. गुरुवार रद्द, उद्या सकाळी साडेनऊला दुसरे डॉक्टर बघणार. ॲलर्जीचा फॉर्मही नव्याने भरते.

माहीमकर: वेळ मिळालाच आहे तर मोनोफोकलचा (एकाच अंतराच्या लेन्सचा) विचार करा.