‘आहे त्या स्थितीत’ लिहिलेल्या पावतीवर घेतलेला जुना ट्रॅक्टर सदोष निघाला; काय करता येईल?

प्रश्न

शेजारच्या जिल्ह्यातील जुन्या ट्रॅक्टरच्या व्यापाऱ्याकडून मी ३ लाख ४० हजार रुपयांना ट्रॅक्टर घेतला. ‘दोन हजार तास चाललेला, इंजिन न उघडलेले’ असे त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिले होते. पहिल्याच नांगरटीत रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि मिस्त्रीने ब्लॉकवर रंगाखाली झाकलेले वेल्डिंग दाखवले. पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिले असल्याने व्यापारी हात वर करतो. घरची शेती सांभाळून हंगामात इतरांची नांगरटही मी स्वतःच करतो. मला ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर १

जाता येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तू नवीच असावी अशी अट नाही, आणि व्यापाऱ्याने जो दर्जा सांगितला त्यात उणीव असेल तर तीही ‘दोष’ या व्याख्येत येते. तुम्ही भाड्याने नांगरट करता म्हणून ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप येईल, परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने त्यातून वगळले आहे, आणि मदतीला एखाददुसरा माणूस घेतल्याने ग्राहकपण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात म्हटले आहे. तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत करावी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

उत्तर २

कायद्याची बाजू बरोबर असली तरी प्रकरण पुराव्यावर अडते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार, खरेदीदाराने माल तपासून घेतला असेल तर तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर सहसा येत नाही. व्यापारी हेच पुढे करील. म्हणून रंगाखालचे वेल्डिंग हा तुमचा खरा मुद्दा आहे. घाईने इंजिन उघडू नका, कारण नंतर ‘बिघाड तुमच्या मिस्त्रीने केला’ असे म्हणायला त्याला वाव मिळतो. आधी छायाचित्रे घ्या, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून चेसिस क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद मिळते का पाहा आणि तेथूनच लेखी तपासणी अहवाल घ्या. मागील नोंदीत तास जास्त निघाले, तर मीटर मागे फिरवल्याचे वेगळे सिद्ध करावे लागणार नाही.

प्रश्नकर्ता

इंजिन अद्याप उघडलेले नाही. काहीजण थेट पोलिसांत जा म्हणतात.

उत्तर ३

फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा कपटी हेतू दाखवावा लागतो, त्यामुळे असा अर्ज बहुधा ‘दिवाणी बाब’ म्हणून परत येतो. मीटरची नोंद हाती आल्यावर विचार करा. तोवर टपालाने पोचपावतीसह नोटीस पाठवून किंमत परत किंवा दुरुस्तीचा खर्च, यांपैकी काय हवे ते स्पष्ट लिहा. आरसी तुमच्या नावावर झाली असेल तर ट्रॅक्टर परत करताना हस्तांतरणही उलट करावे लागेल, याचा उल्लेख नोटिशीत हवा. कर्ज असेल तर हप्ते थांबवू नका. वाद व्यापाऱ्याशी आहे, बँकेशी नाही.