वेबसाइट स्वस्तात कुठे करावी? सोसायटीच्या मराठी ग्रुपवर, बडोदा

वैशालीवहिनी (बी-२०३): नमस्कार मंडळी. एक विचारायचं होतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि फराळाच्या ऑर्डरी आता अलकापुरी, मांजलपूरकडूनही यायला लागल्यात. नवीन माणूस पहिलं विचारतो, "वेबसाइट आहे का?" काल एकाचा फोन आला होता. तीन वर्षांचे २२ हजार, आज भरले तर १५. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुणी केली आहे का? दिवाळीआधी परवडेल असं काही?

निखिल (सी-१०४): वहिनी, पैसे भरू नका. फुकटात होतं.

शिंदेकाका (ए-१०२): फुकटात काय काय होतं ते नीट सांग की.

निखिल: ब्लॉगर आणि गूगल साइट्स. दोन्ही गूगलचंच, जीमेल असलं की झालं. विक्सही आहे, पण फुकट घेतलं तर त्यांची जाहिरात दिसते आणि पत्त्यात त्यांचं नाव येतं. वर्डप्रेस डॉट कॉमचंही तसंच.

शिंदेकाका: नकाशावर दुकान टाकलं की गूगल आपोआप वेबसाइट द्यायचं ना?

निखिल: ते मार्च २०२४ मध्ये बंद झालं काका. नकाशावरचं दुकान राहिलं, वेबसाइट गेली.

नलूताई (ए-४०१): वैशाली, त्या फोनवाल्याला अजिबात पैसे पाठवू नकोस. मुलं आलीत, क्लास सुटला की सविस्तर लिहिते.

वैशालीवहिनी: हो ताई, वाट बघते 🙏

नलूताई: हं, आता बसले. आधी दोन गोष्टी वेगळ्या कर. डोमेन म्हणजे साइटचं नाव. तो तुझा मोबाइल नंबर समज. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, म्हणजे हँडसेट. हँडसेट कधीही बदल, नंबर तोच राहतो. कंपनी आवडली नाही तर नंबर पोर्ट करतो, तसं डोमेनही दुसरीकडे नेता येतं. डॉट कॉम असेल तर घेतल्यापासून पहिले ६० दिवस तेवढं हलवता येत नाही. पण सिमच दुसऱ्याच्या आधारवर असेल तर? माझं तेच झालं होतं.

गाण्याच्या क्लासची पहिली साइट ओळखीतल्या एका मुलाने करून दिली. काम मन लावून केलं होतं त्याने, ते मी आजही म्हणेन. पण डोमेन त्याच्या ईमेलवर, होस्टिंगही त्याच्याच खात्यात. खातं कुठल्या कंपनीत आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तो परदेशी गेला, जुनं ईमेल उघडणं सुटलं, आणि मुदत संपत आल्याचे निरोप तिथेच पडून राहिले. एका सकाळी एका पालकांचा फोन, "ताई, तुमच्या साइटवर भलतंच काहीतरी उघडतंय." तोवर नाव दुसऱ्याच कुणी घेतलं होतं. त्याच आठवड्यात ५०० कार्डं छापून आली होती. मी आणि सूनबाई दोन दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून एकेका कार्डावरच्या त्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवत होतो. मुलांच्या कार्यक्रमांचे फोटो फक्त साइटवरच ठेवले होते. ते गेले ते गेलेच. त्यातल्या दोन मुली आता स्वतः शिकवतात, त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

म्हणून सांगते, साइट कुठेही कर, कुणाकडूनही करून घे, पण डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या फोन नंबरवर आणि स्वतःच्या पैशांनी घे.

शिंदेकाका: अरेरे, हे माहीत नव्हतं. मुदत संपली की लगेच जातं का नाव?

नलूताई: लगेच नाही. डॉट कॉमचं सांगते. बहुतेक कंपन्या काही दिवस नेहमीच्याच दरात भरू देतात. त्यानंतर ३० दिवस ते सोडवून घेता येतं, पण दंडासकट, आणि तो दंड चांगलाच असतो. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि सहाव्या दिवशी जो पहिला येईल त्याचं. एवढे दिवस हातात होते, पण मला कुणी कळवलंच नाही.

वैशालीवहिनी: बापरे. मग नाव केवढ्याला पडतं?

नलूताई: डॉट इन किंवा डॉट कॉम, वर्षाला साधारण ५०० ते १५०० धर. वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षाला ९९, १९९ असले आकडे दिसतील, त्यावर जाऊ नकोस. दुसऱ्या वर्षाचा दर तिथेच बारीक अक्षरांत असतो, तो बघून कंपनी ठरव.

निखिल: डॉट भारत पण मिळतं. देवनागरीत पूर्ण नाव!

नलूताई: मिळतं, आणि मला ते मनापासून आवडतं. पण हिचे निम्मे ग्राहक गुजराती आहेत, त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड कुठून येणार? वैशाली, इंग्रजी अक्षरांतलं छोटं नाव घे. आणि त्यात मेतकूट नको. कुणी यू लावेल, कुणी डबल ओ. फोनवर एकदा सांगून समोरच्याने न विचारता बरोबर लिहिलं, तर ते नाव चांगलं. दोघातिघांवर करून बघ.

निखिल: मावशी, होस्टिंग घेऊन त्यावर वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, टाकलं तर? जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावरच आहेत. फुकट आहे आणि महिना ६९ रुपयांत होस्टिंग मिळतंय.

नलूताई: ६९ हा भाव चार वर्षांचे एकदम भरले तर असतो रे. ६९ गुणिले ४८ म्हणजे ३३१२, त्यावर जीएसटी, म्हणजे ३९०८ आजच हातातून जाणार. चार वर्षांनी नवा दर लागतो, तो कितीतरी वर असतो. आणि वर्डप्रेस चांगलंच आहे, पण ते सांभाळावं लागतं. त्याची आणि त्यावरच्या प्लगइनची, म्हणजे जोडून घेतलेल्या छोट्या प्रोग्रामची, अपडेट वेळेवर केली नाहीत तर त्याच फटीतून घुसतात लोक. बॅकअप आपणच घ्यायचा. फराळाच्या दिवसांत ही कढईपाशी उभी राहील की अपडेट करत बसेल? पुढे माल वाढला, गावोगावी पार्सलं जायला लागली, की तेव्हा जावं तिकडे. नाव स्वतःचं असलं की कुठेही जाता येतं.

निखिल: मग मी गिटहब पेजेसवर करून देतो, तिथे कोड लिहून साइट ठेवता येते. फुकट आणि एकदम फास्ट.

नलूताई: तू करून देशील, आणि चांगलीच करशील. पण भाजणीचा दर दहा रुपयांनी वाढला तर हिने रात्री तुला फोन करायचा का? परीक्षेच्या दिवसांत?

निखिल: हे खरं आहे 😅 आणि ऑनलाइन दुकान चालवायला ते नाही, असं त्यांच्या नियमांतच लिहिलंय. गूगल साइट्सच बरं मग.

नलूताई: मला तेच वाटतं. फुकट आहे, फोटो ओढून टाकता येतो, आणि आपलं डोमेन जोडता येतं. माझी ब्लॉगरवर आहे, तिथेही डोमेन जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत. वर्षाला फक्त नावाचे भरते.

वैशालीवहिनी: ताई, त्या फोनवाल्याने सुरक्षेच्या सर्टिफिकेटचे अडीच हजार वेगळे सांगितलेत. ते कुलपाचं चिन्ह येतं ते.

नलूताई: एसएसएल. ते २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट देतेय. गूगल साइट्स आणि ब्लॉगरवर तर आपोआपच असतं. तुझ्यासारखीकडून त्याचे अडीच हजार मागणाऱ्या माणसाशी पुढे काही बोलूच नकोस.

शिंदेकाका: आणि पैसे कसे घ्यायचे साइटवर?

नलूताई: आत्ता घ्यायचेच नाहीत काका. साइटवर "ऑर्डर करा" असं बटण ठेवायचं, ते दाबलं की व्हॉट्सॲप उघडेल. डब्ल्यू-ए डॉट एम-ई, तिरकी रेघ, ९१ आणि पुढे नंबर, एवढीच लिंक लागते. वैशाली, व्हॉट्सॲप बिझनेस घे, त्यात मालाची यादी फोटोंसकट लावता येते. पैसे तू घेतेस तसेच यूपीआयने. साइटवर एकच पान पुरे: काय बनवतेस, वजन, दर, किती दिवस टिकतं, कुठे पोचवतेस. खाली एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ अंकी नंबर टाक. परका माणूस तो बघतो.

शिंदेकाका: मजकूर मी टाइप करून ठेवलाय! गेल्या दिवाळीचं पत्रक आहे माझ्या कॉम्प्युटरमध्ये. पाठवतो.

नलूताई: काका, ते जुन्या फाँटमध्ये असेल. तुमच्याकडे मराठी दिसतं, साइटवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतील. पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करायला लागेल. फोनवर टाइप करतो तेच चालतं. आणि पत्रकाचा फोटोही नको टाकायला, शोधताना तो मजकूर नीट सापडत नाही.

शिंदेकाका: मग मी आज बसून पुन्हा करतो. पान-दीड पानाचं तर आहे.

नलूताई: फार बरं होईल काका. वैशाली, फोनवरचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दोन-तीनशे केबीवर आणून मग टाक. नाहीतर गाडीत बसलेल्या माणसाला पान उघडेपर्यंत स्टेशन येईल. भाजणीचा फोटो खिडकीपाशी काढ, ट्यूबलाइटखाली ती राखेसारखी दिसते.

*दुसऱ्या दिवशी*

वैशालीवहिनी: ताई, घेतलं नाव! डॉट इन. तिघांना फोनवर सांगून बघितलं, तिघांनीही बरोबर लिहिलं. दोन वर्षांचे भरले.

नलूताई: शाब्बास. ईमेल तपासायला सांगणारा निरोप येईल, त्यातली लिंक लगेच दाब. डॉट कॉमला १५ दिवसांत नाही दाबली तर नाव बंद पाडतात, डॉट इनलाही ढिलाई नको. खात्याला पासवर्डशिवाय ओटीपीही लाव. आणि कार्डातून आपोआप पैसे कटतील यावर विसंबू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे २०२१ पासून त्याला आधी मंजुरी द्यावी लागते, नाहीतर पैसे कटतच नाहीत. आता चार दिवस "वेबसाइट करून देतो" म्हणून फोन येतील. एकालाही ओटीपी द्यायचा नाही.

वैशालीवहिनी: दोन आलेसुद्धा सकाळपासून. मुदतीची तारीख ह्यांच्या फोनमध्ये टाकली, आणि देवघराशेजारच्या कॅलेंडरवरही लिहिली.

नलूताई: आता पावती उघड आणि रजिस्ट्रंटसमोर, म्हणजे डोमेनच्या मालकाच्या जागी, कुणाचं नाव आहे ते वाचून सांग.

वैशालीवहिनी: माझंच आहे ताई. आडनावासकट.

शिंदेकाका: मजकूर तयार आहे, युनिकोडमध्ये. निखिलला पाठवलाय तपासायला. आणि साइट सुरू झाली की पहिली ऑर्डर ए-१०२ची, अर्धा किलो भाजणी.