मदत हवी आहे: कार्बाकोल दिल्यावर कॅल्शियम उसळतं, पण प्लॅटो येत नाही

अस्मानी: ॲसिनार पेशींत (ग्रंथीतल्या स्राव बनवणाऱ्या पेशी) फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा डाई भरून कार्बाकोल हे रिसेप्टर जागं करणारं औषध देतेय. कॅल्शियम झपकन वर जातं आणि दोन-तीन मिनिटांत पार बेसलाइनला येतं. सगळ्या पेपरांत ते थोडं उतरून तिथेच टिकलेलं दिसतं, म्हणजे प्लॅटो येतो. रिसेप्टर बंद पडतोय का? सोमवारी सरांना ट्रेस दाखवायचाय. 'आधी पेपर वाच' असं सांगू नका, वाचलेत.

खारवा: कुठल्या ग्रंथीच्या? स्वादुपिंड, लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, तिन्हींत ॲसिनार पेशी असतात. प्राणी कुठला, कार्बाकोल किती, बफर कुठला?

अस्मानी: लाळग्रंथीच्याच. उंदीर, पॅरोटिड (कानाजवळची लाळग्रंथी). १० मायक्रोमोलर. बफर नेहमीचा.

जुना_जाणता: १० फार झालं. एवढ्या माऱ्याने रिसेप्टर थकणारच. ०.३ वर ये, छान आंदोलनं दिसतील, कॅल्शियम वरखाली होत राहील. आम्ही कायम तेच करायचो.

खारवा: आंदोलनं दिसतील, मान्य. पण तिला आंदोलनं नकोत, प्लॅटो हवाय, आणि तो जास्त मात्रेलाच मिळतो. १० मायक्रोमोलरला या पेशी प्लॅटो देतात.

डाईवाला: फ्युरा-२ पेशीबाहेर गळतोय, दुसरं काही नाही. प्रोबेनेसिड घाल, ते गळती अडवतं. माझा अख्खा महिना यात गेला होता.

खारवा: डाई गळला तर ३४० आणि ३८० नॅनोमीटर दोन्हींचे सिग्नल एकत्र खाली जातील, त्यांचं गुणोत्तर (ज्यावरून आपण कॅल्शियम मोजतो) फारसं हलणार नाही. अस्मानी, दोन्ही ट्रेस वेगवेगळे बघ. उतरताना ३८० वर चढत असेल तर कॅल्शियम खरंच उतरतंय.

अस्मानी: ३४० उतरतो, ३८० चढतो.

डाईवाला: तरी प्रोबेनेसिड घालून बघायला काय हरकत आहे?

हृदयस्थ: हृदयाच्या पेशीत बाहेरून थोडं कॅल्शियम आत येतं आणि ते आतल्या साठ्याचं दार, म्हणजे रायनोडिन रिसेप्टर, उघडतं, मग आतला साठा सुटतो. तिथे प्लॅटो ॲक्शन पोटेन्शियलचा (पेशीपटलावरच्या विद्युत झटक्याचा) असतो, एल-टाइप कॅल्शियम चॅनलमुळे. ते अडवणारं वेरापामिल देऊन बघितलंस का?

खारवा: ॲसिनार पेशीला ॲक्शन पोटेन्शियल नसतो. इथला क्रम वेगळा आहे. कार्बाकोल एम-३ रिसेप्टरला लागतं, जीक्यू प्रथिन जागं होतं, फॉस्फोलायपेज सी-बीटा पेशीपटलातल्या पिप-टू या मेदाचे दोन तुकडे करतं. त्यातला आयपी-थ्री आंतर्द्रव्यजालिकेवरची (पेशीतला कॅल्शियमचा साठा) कॅल्शियमची दारं उघडतो. तुझी उसळी ती हीच, म्हणजे रिसेप्टर ठणठणीत आहे. पण जालिकेतला साठा लहान आहे आणि पटलावरचे पंप सुटलेलं कॅल्शियम लगेच बाहेर फेकतात. टिकायचं तर बाहेरून आत यायला हवं. साठा रिकामा झाला की बाहेरची वाट उघडते, हे शास्त्रज्ञ पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडलं. साठा रिकामा झालाय हे ओळखणारा पहारेकरी स्टिम-१ सापडला २००५ मध्ये, बाहेरची वाट म्हणजे चॅनल ओराय-१ २००६ मध्ये. म्हणून पुन्हा विचारतो, 'नेहमीचा बफर' म्हणजे काय? त्यात कॅल्शियम किती?

जुना_जाणता: आयपी-थ्रीने साठ्यातून कॅल्शियम सुटतं हे १९८३ मध्ये दाखवलं तेही स्वादुपिंडाच्या ॲसिनार पेशींतच, बरं का. पटलाला भोकं पाडून. तेव्हा जीन नॉकआउट वगैरे काही नव्हतं. हल्लीची पोरं किट उघडतात आणि सुरू करतात.

फुलपाखरू७: मध्येच विचारते, माफ करा. आईचं तोंड सतत कोरडं पडतं, डोळेही चुरचुरतात. या चर्चेवरून वाटतंय की कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या तर लाळ वाढेल का?

खारवा: नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर राखतं, गोळीने पेशीतला सिग्नल वाढत नाही. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे असतील तर श्योग्रेनची (शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथींवरच उलटते तो आजार) तपासणी संधिवाततज्ज्ञांकडून करून घ्या. लाळ वाढवणारं पिलोकार्पिन याच एम-३ वर काम करतं, पण दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर धोका असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

फुलपाखरू७: दमा आहे तिला. बरं झालं विचारलं. खूप आभार.

अस्मानी: आता माझ्याकडे वळूया का? बाटलीवर 'एचबीएसएस (क्षारांचं द्रावण), कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित' असं आहे. लॅबमध्ये सगळे हाच वापरतात.

खारवा: पेशी धुवायला वापरत असतील. ट्रेस उतरला की कार्बाकोल तसंच ठेवून त्याच डिशमध्ये १.५ मिलिमोलर कॅल्शियम घाल. शेवटी एम-३ अडवणारं ॲट्रोपिन.

अस्मानी: केलं. कॅल्शियम घातल्याबरोबर ट्रेस पुन्हा चढला आणि टिकला!! ॲट्रोपिन दिल्यावर सरळ खाली. सर विचारतील की हे ओरायच कशावरून?

डाईवाला: ओराय अडवणारं २-एपीबी दे.

खारवा: नको. ते आयपी-थ्री रिसेप्टरही अडवतं, मग काय बंद झालं ते कळणार नाही. ओराय अडवायला १ मायक्रोमोलर गॅडोलिनियम घे. मात्र त्यासाठी हेपेसचा, फॉस्फेट आणि बायकार्बोनेट नसलेला बफर ताजा बनव. फॉस्फेट असेल तर गॅडोलिनियम साक्यात बसेल.

जुना_जाणता: आणि एकदा ०.३ ला करच.