मदत हवी आहे: गतिमंद भावासाठी बाबांचं मृत्युपत्र की ट्रस्ट?

नमस्कार मंडळी, आम्ही रत्नागिरीकडचे. धाकटा भाऊ बेचाळीसचा, जन्मापासून गतिमंद, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. आई-बाबा थकलेत, मी लग्न होऊन पनवेलला. बाबांचं म्हणणं घर नि कलमांची बाग सरळ त्याच्या नावे करू, पण त्याला सहीचा अर्थच कळत नाही मग उद्या बागेचा करार कोण करणार, आणि गोड बोलून अंगठा घेणारे आपल्याकडे कमी नाहीत (भावकीतलेच आधी येतात, सांगायला नको).

त्यात सातबारा अजून सामाईक, आजोबांनंतर चुलते-आत्या सगळ्यांची नावं चढलीत, वाटप कधी झालंच नाही. म्हणजे बाबा मृत्युपत्रात फक्त आपला हिस्साच देऊ शकतात ना? की आधी वाटप करून घ्यावं?

वकील म्हणाले १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करा, फायदा भावाला आणि विश्वस्त मी नि मामेभाऊ. शिवाय नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ (हा वेगळा, गतिमंद वगैरे दिव्यांगांसाठीचा) खाली कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्या, कारण १८ नंतर आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. हे आम्हाला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं!

कुणी शेतजमीन अशा ट्रस्टमध्ये घातलीय का, फेरफाराला तलाठ्याकडे अडचण आली का? बँकेत नॉमिनी भाऊच आहे, ते बदलावं का? आणि माझ्यानंतर पालक कोण हे आत्ताच लिहून ठेवता येतं का? अनुभव असेल त्यांनीच सांगा प्लीज, "देव बघेल" नको.