वाहतुकीच्या प्रबंधाला बक्षीस कशाला?

तिठा: इथे अमेरिकेत विद्यापीठांतल्या वाहतूक संशोधन केंद्रांची एक परिषद आहे. ती दरवर्षी पीएचडीच्या प्रबंधांना बक्षीस देते. धोरणाच्या प्रबंधाला चार्ली वूटन यांच्या नावाचं, तंत्रज्ञानाच्या प्रबंधाला मिल्टन पिकार्स्की यांच्या. वूटन टेक्सासच्या वाहतूक संशोधन संस्थेचे प्रमुख होते, पिकार्स्की शिकागोच्या बस-रेल्वेचा कारभार बघायचे. आपल्याकडे सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये ज्याला स्ट्रक्चर्स (इमारती-पुलांची रचना) मिळालं नाही तो ट्रान्सपोर्टेशनला येतो (मीही तसाच आलो). असं बक्षीस सुरू झालं तर मुलं आपणहून येतील. नावही तयार आहे: बॅ. मुकुंदराव जयकर. १९२७ च्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष, आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस (रस्ते अभियंत्यांची संस्था) त्याच समितीच्या शिफारशीतून उभी राहिली.

पीसीयू_अर्धा: जयकरांना नमस्कार, पण बक्षिसाला विरोध. गेट परीक्षा देऊन आलेल्या एमटेकच्या पोराला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. त्यात मी एका चौकाचा ट्रॅफिक काउंट केला. चार एन्युमरेटर (गाड्या मोजणारे), त्यांचा चहा-वडापाव, गच्चीवर कॅमेरा लावू दिला म्हणून सोसायटीच्या वॉचमनला दोनशे. सगळं खिशातून. मग रात्ररात्र तोच व्हिडिओ थांबवून थांबवून दुचाकी मोजल्या. मला मेडल नको, त्या चौघांची मजुरी द्या.

लालडबा: शिवाय बक्षीस जाणार कोणाकडे? पीएचडीच्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपवाल्याला आधीच महिना सत्तर हजार आहेत, पेपरही त्याचेच छापून येतात. तालुक्याच्या एसटीचं वेळापत्रक कॉलेजच्या वेळेशी का जुळत नाही, यावर काम करणारी मुलगी पहिल्या चाळणीतच गळेल.

तिठा: म्हणूनच तर तिच्यासाठी वेगळं बक्षीस हवं ना! इथे सरकारी निधीवरचं प्रत्येक केंद्र वर्षाचा एक विद्यार्थी निवडतं, छोटं केंद्रसुद्धा. जानेवारीत वॉशिंग्टनला मोठी वाहतूक परिषद भरते, तेव्हा त्यांचा सत्कार होतो. आणि अर्ध्या, तुझ्याच चौकाचं घे. आपल्या रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, हातगाडी सगळं एकत्र, लेन कोणी पाळत नाही, त्यामुळे परदेशी पुस्तकातले आकडे लागू पडत नाहीत. म्हणून २०१७ चं इंडो-एचसीएम, म्हणजे रस्त्यांची क्षमता काढायचं आपलं स्वतःचं मॅन्युअल, झालं. त्यासाठी मोजणी करणारी पोरं कोण होती, कोणाला माहीत आहे?

निवृत्त_उपअभियंता: पस्तीस वर्षं रस्त्यावर काढली, एकही प्रबंध टेबलावर आलेला आठवत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसं गेली. बक्षीस जरूर द्या, पण अट घाला: प्रबंधातली एक तरी सुधारणा एका तरी चौकात करून दाखवायची. नुसती उत्तम बाइंडिंग आणि गाईडचे आभार, याला पैसे नकोत.

पीसीयू_अर्धा: काका, करून दाखवायची कोणाच्या परवानगीने? नुसता कॅमेरा लावायचं पत्र मिळायला मला अडीच महिने लागले. "पुढच्या सोमवारी या." दुभाजक हलवायचं पत्र मागितलं असतं तर पोस्टडॉकही तिथेच झालं असतं.

निवृत्त_उपअभियंता: तो सोमवार मीही लोकांना दिलाय. बरोबर आहे तुझं.

लालडबा: 😀 काकांना पहिलं बक्षीस.

पीसीयू_अर्धा: तिठा, ठेव तुझं जयकर पारितोषिक. मिळालंच तर आधी चौघांची मजुरी आणि वॉचमनचे दोनशे वळते करून घेणार.