मँटल म्हणजे नक्की काय काय?

शब्दवेडी: मँटल या शब्दाने डोकं खाल्लंय माझं. पृथ्वीच्या पोटात मँटल, गॅसबत्तीत मँटल, शिंपल्यातल्या प्राण्यालाही मँटल आणि कोणी गुरूची गादी चालवायला घेतली तरी इंग्रजीत मँटलच. हा एकच शब्द आहे की नुसतं स्पेलिंग जुळतंय?

दगडधोंडे: एकच आहे. लॅटिनमधे मांतेल्लुम म्हणजे झगा, तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पृथ्वीचं मँटल म्हणजे गाभ्याला सगळीकडून वेढून बसलेला थर, साधारण २९०० किमी जाड, आणि पृथ्वीच्या आकारमानाचा ८०% हून जास्त भाग तोच. लोकांना वाटतं तिथे सगळा लाव्हा भरलाय पण तो जवळजवळ पूर्ण घन खडकच आहे, फक्त अतिशय हळू सरकत राहतो. मराठीत त्याला प्रावरण म्हणतात आणि प्रावरण म्हणजेसुद्धा पांघरायचं वस्त्रच, फार सुंदर निवडलाय हा शब्द!

सागरिका: शिंपल्यातलं मँटल म्हणजे प्राण्याच्या अंगावरची मऊ घडी. शिंपला तीच तयार करते, मोत्याचा चकचकीत थरही तिचाच.

दिवाबत्ती: मला गॅसबत्तीचं सगळ्यात आवडतं कारण तिथे खरंच कापड असतं. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ मधे पेटंट घेतलं, पण नीट जमलं ते १८९१ च्या सुमारास, ९९% थोरियम ऑक्साइड आणि १% सीरियम ऑक्साइड या मिश्रणाने. क्षारात भिजवलेली सुती जाळी पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि मागे ऑक्साइडचा जाळीदार सांगाडा उरतो, तोच तापून पांढराशुभ्र उजेड देतो. इतका नाजूक की बोट लागलं तरी भुगा. थोरियम किरणोत्सारी असल्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी यिट्रियम वापरतात.

शब्दवेडी: वा, मस्त! आणि ते गुरूच्या गादीचं?

दगडधोंडे: ते बायबलमधून. एलीया स्वर्गात जातो तेव्हा त्याचा झगा खाली पडतो, शिष्य अलीशा तो उचलतो आणि गुरूचं काम पुढे चालवतो. आपण धुरा सांभाळली म्हणतो तसंच. डिसमँटलही याच घरातला बरं का, झगा उतरवणं, त्यावरून फ्रेंचमधे किल्ल्याची तटबंदी पाडणं, आणि आता मशीनचे पार्ट सुटे केले तरी तेच.

सागरिका: मँटिस किड्याचा मात्र यात काही संबंध नाही, तो ग्रीक शब्द, अर्थ भविष्य सांगणारा.