प्रतिसाद : छतावर चिकटवलेले जुने ब्रॅकेट उचकटू नयेत

मोटरहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) छतावरील निकामी सोलर पॅनलचे प्लास्टिकचे ब्रॅकेट पटाशीने उचकटावेत, या वर आलेल्या सूचनेशी मी सहमत नाही. हे ब्रॅकेट ज्याने चिकटवलेले असतात, ते सिकाफ्लेक्ससारखे पॉलीयुरेथेन (रबरी चिकटद्रव्य) ओढल्यावर रबरासारखे ताणले जाते, पण सुटत नाही, आणि जोर वाढवला की त्याच्याआधी फायबरग्लासचा जेलकोटच (वरचा गुळगुळीत थर) निघून येण्याची भीती असते. म्हणून ते कापावे. गाड्यांच्या पुढच्या काचा काढणारे कारागीर वापरतात ती पीळदार तार घ्यावी, पातळ पात्याने कडेला खाच करून ती ब्रॅकेटखाली सरकवावी आणि दोन्ही टोकांच्या मुठी धरून करवतीप्रमाणे मागेपुढे ओढावी. हात खाली झुकले की तार छतात रुतते, एवढे मात्र सांभाळावे. हीट गनचा थोडा उपयोग होतो. पण ती एका जागी रोखून धरल्यास छताच्या थरांमधील फोम खराब होतो आणि पॉलीयुरेथेन करपून निघणारा धूर घातक असतो. ब्रॅकेट टाकूनच द्यायचे असल्यास मल्टिटूलने (वेगाने थरथरणारे पाते असलेल्या विजेच्या हत्याराने) त्याचे तुकडे करावेत, उगाच जीव लावू नये.

उरलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. त्याच जागी नवे काही बसवायचे असेल, तर मिलिमीटरभर थर मुद्दाम ठेवावा, कारण ताज्या कापलेल्या पॉलीयुरेथेनवर नवे पॉलीयुरेथेन उत्तम धरते. छताचा भाग एबीएस या प्लास्टिकचा असेल, तर ॲसिटोन अजिबात लावू नये. ते प्लास्टिक विरघळवते.